नातं: इतर

गाडीच्या विम्यात दुसऱ्या चालकाचं नाव घालायला सात मिनिटं लागतात, असं आमच्या विमा कंपनीनं माहितीपत्रकात छापलं आहे. छापणाऱ्याची मला कीव येते. मला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत माझी कैलासवासी आई वीज कंपनीच्या नजरेत संशयित ठरली, एका निवृत्त पोलीस सार्जंटचं बिंग फुटलं आणि मी अकरा दिवस उकडलेल्या अंड्यांवर काढले. यात माझी चूक काहीही नव्हती, असं मी सुरुवातीला समजत होतो.

मी फर्गस मॅकनिफ. जिल्ह्याच्या मोटार-कर कचेरीत चौतीस वर्षं खिडकी क्रमांक दोनवर बसून निवृत्त झालो. गाडीचा कर भरायचा असो की लायसन्स नवं करून घ्यायचं असो, आमच्या भागातल्या माणसाला माझ्या खिडकीला तोंड दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अर्जात काही कमी असलं की मी तो परत करायचो, आणि परत करताना चेहऱ्यावर जे दुःख आणायचो ते अगदी मनापासून आणायचो. लोकांचं याबद्दल वेगळं मत आहे. ड्रमलारा गावात लोकांचं प्रत्येक गोष्टीबद्दल वेगळं मत असतं, फक्त ते तोंडावर बोलत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सुरुवात झाली ती डिंप्नाच्या लाल गाडीपासून. डिंप्ना म्हणजे माझी... थांबा, घोडं तिथंच तर अडलं होतं. सध्या एवढंच सांगतो, की ती गेली सहा वर्षं माझ्या घरात राहते आणि आसपासच्या तीन चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. तीन अशासाठी, की आमच्याकडे हल्ली ऑर्गन वाजवणारी माणसं फादर लोकांपेक्षाही दुर्मिळ झाली आहेत. तिची गाडी सरकारी तपासणीला गेली. तपासनीस आत बसला, त्यानं ब्रेकवर पाय दिला आणि त्याचा बूट गाडीच्या तळातून खाली जमिनीला टेकला. गाडी तिथंच राहिली. डिंप्ना मेंढ्या घेऊन निघालेल्या एका शेतकऱ्याच्या गाडीतून घरी आली.

"शनिवारी लग्न आहे, रविवारी दोन ठिकाणी प्रार्थना आहेत," ती कोट काढता काढता म्हणाली. "तुझ्या विम्यात माझं नाव घाल, म्हणजे झालं."

म्हणजे झालं! माझी गाडी राखाडी रंगाची, चौदा वर्षांची. दर शनिवारी धुतो. चालकाच्या जागेवर माझ्याखेरीज फक्त मेकॅनिक बसला आहे, आणि तोही मी वर्तमानपत्र अंथरल्यावर. एकेचाळीस वर्षांत मी एक दमडीचा दावा केलेला नाही. इतरांना मुलंबाळं असतात, मला नो क्लेम बोनस होता. त्यात डिंप्नाचं गाडी चालवणं! ती वाईट चालवते असं मी म्हणणार नाही. तिच्या शेजारी बसून मी सहा वर्षं सूचना करत आलो होतो, त्यामुळे बरीच सुधारणा होती. पण आरशात बघायचं सोडून ती शेजारच्या माणसाशी बोलते, आणि बोलते ती दोन्ही हातांनी.

तरी मी फोन लावला. गावात विमा एजंटची कचेरी आहे, पॉलिसी तिथूनच घेतलेली आहे, पण तिथं जायचं मी टाळलं. ती जागा एवढीशी, की पहिल्या माणसानं जन्मतारीख सांगितली तर शेवटचा माणूस त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. म्हणून थेट डब्लिनचा नंबर फिरवला. चाळीस मिनिटं होल्डवरची बासरी ऐकली. डिंप्ना टेबलावर ब्राउन ब्रेडची कणीक मळत होती. ती म्हणाली, "स्पीकरवर टाक, मलाही ऐकू दे," आणि मी टाकला. माझ्या हातून आयुष्यात घडलेल्या चुकांमध्ये हिचा नंबर बराच वरचा आहे.

ओरन नावाचा एक गोड आवाजाचा तरुण फोनवर आला. नाव, जन्मतारीख, लायसन्सचा नंबर, वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल दंडाचे गुण आहेत का, सगळं सुरळीत चाललं होतं.

"आणि या बाई तुमच्या कोण, मिस्टर मॅकनिफ?"

"पर्याय काय काय आहेत?" मी विचारलं. हाडाचा कारकून आधी पर्याय विचारतो.

"पती-पत्नी, सहचर, मुलगा-मुलगी, आई-वडील, नोकर, इतर."

खिडकी उघडी होती. खिडकीपलीकडे कुंपण आणि कुंपणापलीकडे ब्रीजी फॅलन कपडे वाळत घालत होती, निदान कपडे तिच्या हातात होते. भिंतीवर आईचा फोटो होता. आई फोटोतसुद्धा कुणाला सैल बसू देत नाही.

"इतर," मी म्हणालो.

कणीक आपटण्याचा आवाज थांबला.

"इतर म्हणजे कोण, थोडं सांगता का सर? सिस्टिम विचारतेय."

"म्हणजे... त्या इथं राहतात. मागच्या खोलीत."

"अच्छा, भाडेकरू."

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

ओरननं ते टाइप केलेलं मला ऐकू आलं. भाडेकरू हा शब्द टाइप करायला एवढा वेळ का लागावा कळत नाही. मग तो म्हणाला, की एक छोटीशी अडचण आहे. बाईंच्या लायसन्सवर पत्ता दुसराच आहे. त्या तुमच्या घरी राहतात याचा पुरावा म्हणून त्यांच्या नावाचं, तुमच्या पत्त्यावर आलेलं एखादं बिल पाठवून द्या. मी आभार मानले आणि फोन ठेवला.

डिंप्ना हात धूत होती. बराच वेळ धूत होती.

"सहा वर्षं, फर्गस," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "सहा वर्षं मी या घरात राहतेय, आणि जगातल्या एकाही कागदाला ते माहीत नाही."

हे खरं होतं. तिचं पेन्शन, बँकेची पत्रं, लायसन्स, सगळं तिच्या बहिणीच्या, असम्प्टाच्या पत्त्यावर जायचं, इथून पाच किलोमीटरवर. व्यवस्था माझीच होती. तात्पुरती होती. डिंप्ना चर्चमध्ये वाजवणार, मी सरकारी माणूस, आमचं लग्न झालेलं नाही, गावात उगाच चर्चा नको, असा माझा विचार होता. योग्य वेळ आली की सांगू, असं मी म्हणत होतो, आणि योग्य वेळेवर माझं बारीक लक्ष होतं.

"मी तुझ्याच भल्यासाठी..." मी म्हणालो. "फादर डेक्लनना कळलं तर?"

"फादर डेक्लननी गेल्या नाताळात आपल्या दोघांना मिळून एकच केक दिला."

"त्यांच्याकडे डबे कमी असतील."

तिनं एप्रन काढून खुंटीला लावला. "कागदावर मी असम्प्टाकडे राहते ना? मग आता कागदाप्रमाणेच होऊ दे," असं म्हणून तिनं बहिणीला फोन केला. अर्ध्या तासात असम्प्टाची गाडी दारात उभी राहिली आणि डिंप्ना सूटकेस घेऊन गेली. अर्धवट मळलेली कणीक मी स्वतः भाजली. तो ब्रेड नंतर मागच्या फाटकाला टेकू म्हणून लावला, फाटक छान उघडं राहतं.

आता कुणीही शहाणा माणूस दुसऱ्याच मिनिटाला तिच्या मागे धावला असता. मी बसून विचार केला. मला ही कागदपत्रांची अडचण वाटली. तिच्या नावाचं बिल मिळालं की पुरावा होईल, पुरावा झाला की विमा होईल, विमा झाला की ती परत येईल. क्रम अगदी बिनचूक होता. माझ्या डोक्यात शिरलं नाही ते एवढंच, की ती बिलासाठी रुसलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ब्रीजी कुंपणावरून डोकावली.

"डिंप्ना दिसत नाही ती?"

"बहिणीकडे आहे. म्हणजे राहतेच ती बहिणीकडे."

"हो, हो. तिथंच राहते," ब्रीजी म्हणाली. सहा वर्षं हे वाक्य ती त्याच चेहऱ्यानं म्हणत आली आहे, पण त्या दिवशी तिनं जाता जाता उसासा सोडला. "खाण्यापिण्याचं बघ हो स्वतःच्या."

पलीकडच्या घरात मॅलकी टॅन्सी राहतो. तीस वर्षं पोलिसात, सार्जंट म्हणून निवृत्त. कुणी विचारो न विचारो, सल्ला देणं हे तो अजून कर्तव्य समजतो.

"अरे, त्यात काय आहे? विजेच्या बिलावर तिचं नाव घाल. एक फोनचं काम."

तो एक फोन मी केला. वीज कंपनीची मुलगी फार नम्र होती.

"खातेदार श्रीमती ऑनोरा मॅकनिफ यांच्याशी बोलू शकते का मी?"

"नाही. माझी आई ती. वारली."

"अरेरे, फार वाईट वाटलं ऐकून. कधी झालं हो हे?"

"अठ्ठ्याण्णव साली."

तिकडं कळा बडवल्याचा आवाज आला.

"सर, पण मार्चमध्ये त्यांनी आम्हाला मीटरचा आकडा कळवलाय."

"तो मी कळवला."

"‘आपली विश्वासू, ऑनोरा मॅकनिफ’ अशी खाली सही आहे."

"आई पत्राखाली तसंच लिहायची."

"आणि दोन वर्षांपूर्वी ग्राहकांच्या पाहणीत त्यांनी आमच्या सेवेला दहापैकी चार गुण दिलेत."

"आई असती तर तीनच दिले असते," मी म्हणालो.

मुलगी म्हणाली, की मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची नक्कल आणि गेली सव्वीस वर्षं सही कोण करत होतं याचा लेखी खुलासा पाठवा, मग सहा ते आठ आठवड्यांत बघू. हे मी मॅलकीला सांगितलं. तो गंभीर झाला.

"सव्वीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाईची सही? आमच्या ठाण्यात याला एक शब्द होता."

"कोणता?"

"मी निवृत्त झालोय, फर्गस. मला आता आठवत नाही."

मग मी कचरा नेणाऱ्या कंपनीकडे गेलो. ते खातंही आईच्या नावावर निघालं. शेवटी पतपेढीत गेलो. डिंप्नाचं तिथं खातं आहे, त्यावरचा पत्ता बदलला की काम भागणार होतं. खिडकीमागे पंचविशीची एक मुलगी होती.

"पत्ता बदलायला त्यांना स्वतःला यावं लागेल, मिस्टर मॅकनिफ. आणि त्या नव्या पत्त्यावर राहतात याचा पुरावा लागेल."

"तो पुरावाच तर मी तुमच्याकडून मागतोय."

"मग त्यांनाच घेऊन या ना."

"त्या इथं राहत नाहीत सध्या."

"मग त्यांचा इथला पत्ता कसा लावायचा?"

"त्या इथं राहतात हे कागदावर नाही म्हणून त्या इथं राहत नाहीत!" माझा आवाज चढला.

मुलीनं माझा अर्ज परत केला. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, आणि ते मी ओळखलं, अगदी माझंच होतं. चौतीस वर्षं ते समोरून कसं दिसत असेल याची मला कल्पनाच नव्हती. दिसायला ते भयंकर असतं. बाहेर येऊन मी भिंतीला टेकलो आणि ज्या लोकांचे अर्ज परत केले होते त्यांतल्या दोघातिघांची मनातल्या मनात माफी मागितली. जास्त नाही, काहींचे अर्ज खरंच गलथान होते.

रविवारी चर्चमध्ये गेलो. एरवी मी मागच्या बाकावर बसतो, त्या दिवशी ऑर्गनजवळ बसलो. डिंप्नानं माझ्याकडे पाहिलं नाही. स्तोत्र मात्र अशा झपाट्यानं वाजवलं, की म्हाताऱ्या मंडळींना धाप लागली आणि फादर डेक्लनचं प्रवचन सुरू व्हायच्या आत दोघांना बाहेर हवेवर न्यावं लागलं. घरी आलो. अंडी उकडली. घर भलतंच शांत होतं. सहा वर्षं मी तिला म्हणत आलो, की टेबलावर बोटं वाजवू नकोस, लक्ष लागत नाही. आता लक्ष लागत होतं आणि लावायला काही नव्हतं.

बुधवारी असम्प्टा येऊन धडकली. असम्प्टा निवृत्त नर्स आहे, आत आली की आधी माणसाची नाडी बघावी तसा चेहरा बघते.

"काय रे, अंड्यांवर आहेस वाटतं? रंगावरून कळतंय."

"कशी आहे ती?"

"कशी असणार? पहाटे सहाला माझ्या जेवणाच्या टेबलावर ऑर्गनचा सराव करते बोटांनी. नवरा माझा अंथरुणातून दचकून उठतो. पण ते मी सोसेन. तुला सांगायला आले ते वेगळंच आहे." ती बसली. "स्लायगोच्या कॅथेड्रलमध्ये तिला वाजवायला बोलावलंय. जवळच खोली आहे, चालत जाता येतं, गाडीबिडीची भानगड नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत ती हो की नाही कळवणार आहे."

"स्लायगो? एवढ्या लांब?"

"पत्ता द्यायला तयार आहेत ते," असम्प्टा म्हणाली. "शुक्रवारी अकराला ती त्या मोडक्या गाडीचा विमा बंद करायला एजंटकडे येणार आहे, मीच आणतेय. आता तुला काय करायचं ते तू बघ. आणि फाटकाला ब्रेड का लावलाय?"

गुरुवारी मी फाइल तयार केली. आईचा मृत्यूचा दाखला, माझ्या नावाचं फोनचं बिल, घराचा उतारा, तीन प्रतींत अर्ज. शुक्रवारी अकराला पाच मिनिटं असताना एजंटच्या कचेरीत शिरलो. खाटकाचं दुकान आणि अंत्यविधीवाल्याची कचेरी यांच्या मधे ती चिंचोळी जागा, आणि आत अर्धं ड्रमलारा. महिनाअखेर असल्यामुळे सगळ्यांचे विमे एकदमच संपले होते. मॅलकी होता, ब्रीजी होती, काळा कोट घातलेला अंत्यविधीवाला शेमस कीव्हिल होता. आणि सर्वांत पुढे, टेबलाशी, डिंप्ना बसली होती. तिच्या समोर सोरखा, आमच्या गावची विमा एजंट, कागद काढत होती.

मी रांगेत उभा राहिलो. सवय. चौतीस वर्षं रांग मोडणाऱ्यांना मी परत पाठवलं आहे. तेवढ्यात सोरखा म्हणाली, "मग इथं सही करा, आणि पत्रव्यवहाराचा पत्ता स्लायगोचा लावू का?" डिंप्नानं पेन उचललं.

मी रांग मोडली. शेमसच्या पायावर पाय पडला, फाइल हातातून सुटली, आईचा दाखला ब्रीजीच्या पिशवीत गेला. "थांब!" मी म्हणालो, फारच मोठ्यानं. "हिचं नाव माझ्या पॉलिसीत घालायचंय."

सोरखानं डिंप्नाकडे पाहिलं. "बाई, काय करू?"

"विचार त्याला जे विचारायचं ते," डिंप्ना म्हणाली आणि पेन खाली ठेवलं. "नीट विचार. मी ऐकतेय."

सोरखानं संगणकात डोकं घातलं. "बाई, तुम्ही ड्रायव्हिंगची परीक्षा कधी पास झालात?"

"चौदा जून एक्क्याण्णव. तिसऱ्या खेपेला."

"आणि मिस्टर मॅकनिफ, तुम्ही? तुमची ही जागा रिकामीच आहे. जुन्या सिस्टिममध्ये चालायचं, नवीन पुढे सरकत नाही."

या घडीची मी पंचेचाळीस वर्षं वाट पाहत होतो, ती कधी येऊ नये म्हणून.

"ते... एकोणऐंशी," मी म्हणालो.

"तारीख?"

"तारीख अशी नाही."

"मग परीक्षा कुठे दिलीत?"

डिंप्नानं खुर्ची माझ्याकडे वळवली.

"दिली नाही," मी म्हणालो. "परीक्षा दिलेली नाही मी. एकोणऐंशीत परीक्षेसाठी एवढी रांग लागली होती, की मंत्र्यांनी वैतागून ज्यांच्याकडे दुसऱ्यांदा काढलेलं शिकाऊ लायसन्स होतं त्या सगळ्यांना पक्कं लायसन्स देऊन टाकलं. त्यात माझं आलं. टपालानं."

"टपालानं?" डिंप्ना म्हणाली. "सहा वर्षं मला गिअर शिकवत होतास, आणि तुला लायसन्स टपालानं आलं?"

"आणि हा खिडकी क्रमांक दोनवर!" ब्रीजी म्हणाली.

"जाऊ द्या हो त्याला," मॅलकी मागून म्हणाला आणि मग त्याचा आवाज खाली गेला. "माझंही तसंच आलं."

सगळ्या माना मागे वळल्या. या माणसानं तीस वर्षं हमरस्त्यावर उभं राहून जिल्ह्याची लायसन्सं तपासली होती.

"सार्जंट!" सोरखा म्हणाली.

"मी फक्त बघायचो. विचारलं कुणालाच नाही, पास कधी झालात म्हणून. बरं दिसलं नसतं ते."

मग शेमस कीव्हिल खाकरला. त्याचंही एकोणऐंशीचं. "पण मी हळू चालवतो," तो म्हणाला, "आणि माझ्या गिऱ्हाइकांची तक्रार नाही." ब्रीजीचंही तसंच निघालं. दारातल्या दोन शेतकऱ्यांनी नुसतेच हात वर केले. अख्ख्या रांगेत परीक्षा पास झालेलं माणूस एकच होतं, आणि ते टेबलाशी बसलेलं होतं. डिंप्नाचे ओठ हलत होते. हसू दाबलं की ती तशीच दिसते. मला जरा धीर आला.

"आता शेवटचं," सोरखा म्हणाली. "चालकाचं पॉलिसीधारकाशी नातं. इथं आधीच काहीतरी भरलंय. ‘इतर. भाडेकरू.’ हेच ठेवू का?"

ओठ हलायचे थांबले.

मी रांगेकडे पाहिलं नाही. रांगेकडे पाहिलं असतं तर मी पुन्हा पर्याय विचारले असते. "खोड ते," मी म्हणालो. "सहचर लिही. ती मागच्या खोलीत राहत नाही, मागच्या खोलीत बटाटे आहेत. सहा वर्षं आम्ही एका घरात, एका खोलीत राहतोय. ती माझी भाडेकरू नाही, कधीच नव्हती. मी भ्यालो म्हणून तसं म्हणालो. ती नसली की मला घरात काही सापडत नाही, आणि सापडलं तरी नकोसं वाटतं. हे सगळं त्या जागेत मावत नसेल तर सहचर पुरे."

माझे कान तापले होते. सहा वर्षं ज्या क्षणाला मी घाबरत होतो तो हाच, आणि गाव आता काय म्हणतं याची वाट बघत मी उभा राहिलो.

"फर्गस," शेमस कीव्हिल म्हणाला, "हे गावाला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. पुढे सरक बाबा, माझा माणूस बाराला चर्चमध्ये पोचायचाय."

"दोरीवर कपडे कुणाचे दिसत होते मला इतकी वर्षं?" ब्रीजी म्हणाली आणि आईचा दाखला परत दिला.

म्हणजे गुपित असं कुठं नव्हतंच. माझी अब्रू राखायची म्हणून सबंध गाव सहा वर्षं न चुकता खोटं बोलत होतं, आणि एवढा त्रास कशासाठी हे मला विचारायचं सौजन्यानं टाळत होतं. फक्त एकाच माणसाला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. तिनं चष्मा काढून पुसला, तो पुसण्याइतका मळलेला नव्हता.

सोरखानं सांगितलं, की सहचर असली की बिलाचा पुरावा लागत नाही, विमा आज बारा वाजल्यापासून लागू. लायसन्सवरचा पत्ता बदलायला तीस दिवसांची मुदत आहे, हा त्याचा फॉर्म, नव्या पत्त्याची जागा तुम्हीच भरा. डिंप्नानं फॉर्मची घडी केली आणि न भरताच पर्समध्ये टाकली.

बाहेर आलो तर असम्प्टा गायब. तिला अचानक खाटकाकडे काम निघालं होतं, आणि खाटकाच्या काचेतून ती आमच्याकडे बघत होती. डिंप्नानं माझ्यापुढे हात केला. मी किल्ली दिली. ती चालकाच्या जागेवर बसली, मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच गाडीत डाव्या बाजूला बसलो. बाराला सहा मिनिटं कमी होती.

"बारानंतरच निघता येईल," मी म्हणालो. "विमा बारापासून आहे."

"ऐकलं मी."

आम्ही बसून राहिलो. शेजारून शेमसची काळी गाडी निघाली, खरोखरच फार हळू. स्लायगोला काय कळवणार, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मागायचा हक्क मला किती उरला होता हे ठाऊक नव्हतं, म्हणून मी सीटबेल्ट तपासत बसलो. मग चर्चमध्ये बाराची घंटा सुरू झाली. तिनं गाडी सुरू केली, आरशात पाहिलं आणि अलगद रस्त्यावर घेतली. उत्तम घेतली, हे मला मान्य केलं पाहिजे.

गावाबाहेर चौक आहे. उजवीकडे असम्प्टाचं घर आणि तोच रस्ता पुढे स्लायगोला जातो. डावीकडे आमचं घर. चौक जवळ येऊ लागला तसं मी समोरच्या काचेवर नजर खिळवली आणि दाराची मूठ धरून बसलो. अजून चांगलं अर्धा किलोमीटर अंतर होतं, आणि डिंप्नानं डावीकडचा दिवा लावला.

इतक्या आधी दिवा देणं नियमाला धरून नाही, मागून येणारा माणूस गोंधळतो. मी खिडकीबाहेर बघत राहिलो आणि एक अक्षर बोललो नाही.